उष्टावणीच्या आधी

उष्टावण गुरुवारी.
माझा भाऊ येणार देवणीहून, चांदीची वाटी घेऊन.
पण माझी रजा रविवारी संपते
आणि सोमवारी सहा वीसची उदगीर
माझ्या नावावर लागलीय,
निलंगा डेपोच्या फळ्यावर, खडूनं.

म्हणून आज शनिवारी, भर दुपारी,
मामंजींचा डोळा लागलाय तेवढ्यात
मी काशीफळ चिरायला घेतलंय.

मोटार भरून दिली, पन्नास रुपये कमी पडले,
त्या बदल्यात गिऱ्हाइकानं दिलेलं हे फळ
व्यंकटनं गाडीच्या टाकीवर ठेवून, एका हातानं धरून आणलं.
दवाखान्यातून लेकीला आणलं होतं
त्याहूनही सावकाश.

साल जाड. विळी अडते.
आत ओल्या धाग्यांत बिया एकमेकींना धरून बसलेल्या.
एक फोड घेतली, एकच.
भगुन्यात टाकली, झाकण ठेवलं.

अंगणवाडीच्या कौसल्याताईंनी बजावलंय:
मीठ नाही, साखर नाही,
तीन दिवस एकच भाजी, अंगावर काही उठतंय का बघायचं.
"आणि तुझ्या जिभेला लागेल अशी चव शोधू नको बाई.
तिच्या जिभेनं अजून काहीच पाहिलेलं नाही."

काहीच पाहिलेलं नाही.
ना मीठ, ना ठेचा,
ना वलांडीच्या स्टँडवरचा उकळून काळा झालेला चहा.
सहा महिने जगात एकच चव होती तिला
आणि ती मी होते.

गावभरच्या मोटारी भरणाऱ्या माणसाच्या घरी
मिक्सर दिवाळीपासून बंद आहे.
"करतो की," म्हणतो.
मग शेजारच्या शकिलाआपांकडून बारीक चाळणी आणली,
त्यांची शेवयांची.
"कशाला गं?"
"रवा चाळायचाय," मी म्हटलं.
त्यांनी माझ्या नारिंगी नखांकडं पाहिलं
आणि चाळणी गरम पाण्यानं पुन्हा एकदा धुऊन दिली.

वगराळ्याच्या पाठीनं घासत राहिले.
वरून दाबायचं, खालून खरवडायचं.
एवढी मोठी फोड,
आणि उतरलं किती, तर दोन चमचे.

पहिला चमचा तिनं जिभेनं बाहेर ढकलला.
दुसराही.
कपाळाला आठ्या, थेट मामंजींच्या,
मी जणू सुट्टे मागितलेत.
मग चमचा ठेवला. बोट बुडवलं.
ते तिनं दोन्ही मुठींत धरलं,
हिरड्यांनी चावून पाहिलं
आत दूध आहे का.
नव्हतं.
तरी सोडलं नाही.
मग गिळलं.
एवढासा आवाज झाला गळ्यात.
माझ्यातून न आलेलं काहीतरी
पहिल्यांदा तिच्यात उतरलं,
आणि त्याच क्षणी माझा ब्लाऊज भिजला,
कुणी बोलावलेलं नसताना.

मागं बघते तर मामंजी दारात.
कधीपासून उभे, कुणास ठाऊक.
मी वाटी पदराआड केली,
तरी पोरीच्या हनुवटीवर सगळं लिहिलेलं होतंच.
ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसला.
मग म्हणाले,
"उद्या मला दाव कसं करतेत ते.
सोमवारी कोण भरवणाराय हिला?"

गुरुवारी भाऊ चांदीच्या चमच्यानं खीर देईल.
फोटो निघतील. पहिला घास, पहिला घास म्हणतील सगळे.
मामंजी आणि मी एकमेकांकडं बघायचं नाही
असं ठरलंय, न बोलता.

सुट्टी मागितलीय गुरुवारची.
मिळेल, न मिळेल.
नाही मिळाली
तर त्या वेळी मी वलांडीच्या पुढं असेन,
मागून पुढं तिकीट तिकीट करत,
आणि मामंजी एकटेच
पंख्याकडं बघत बसतील.